अनोळखी दगड घरात घेण्याआधी

दगड जमवणाऱ्या वाचकांची विचारणा बहुधा एकाच साच्याची असते. मोबाइलवर काढलेला फोटो, त्याखाली ‘हे काय आहे?’ आणि शेवटी जरा चाचरत, ‘घरात लहान मूल आहे, विषारी तर नाही ना?’ पहिल्या प्रश्नाचं उत्तर नुसत्या फोटोवरून देणं बहुतेक वेळा शक्य नसतं. पांढऱ्या स्फटिकाच्या एका फोटोला पाच वेगवेगळी नावं देता येतील आणि पाचही पटण्याजोगी वाटतील. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र नाव कळायच्या आधीही बऱ्यापैकी देता येतं. म्हणून क्रम बदला. दगड कसा हाताळायचा हे आधी ठरवा, बारसं मागाहून करा.

धोका नेमका कुठून येतो

कपाटात नुसता ठेवलेला दगड क्वचितच कुणाला अपाय करतो. अपाय होतो तो तोंडावाटे (हात न धुता खाल्लं, मुलाने चघळलं, पाण्यात टाकून ते पाणी प्यायलं) किंवा नाकावाटे (फोडताना, घासताना, कापताना उडणारी धूळ आणि तंतू). किरणोत्सारी खनिजांची गोष्ट वेगळी, पण ती आपल्याकडच्या छंदवाल्याच्या हाती सहसा पडत नाहीत.

घटकांची यादी वाचून घाबरू नका. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींनी जगभर प्रसिद्ध केलेलं निळं कॅव्हन्साइट घ्या. त्यात व्हॅनेडियम आहे हे कळल्यावर काहींनी ते माळ्यावर टाकलं. याची गरज नव्हती. मूलद्रव्य कोणतं आहे यापेक्षा ते सुटं होऊन शरीरात जाऊ शकतं का, हे पाहायचं. बॅराइटमध्ये बेरियम असतं. पण ते विरघळत नाही, म्हणून त्याच बेरियम सल्फेटचं दाट मिश्रण पोटाच्या एक्स-रेआधी रुग्णाला पाजतात. विदराइटमध्येही बेरियमच असतं. पण ते पोटातल्या आम्लात विरघळतं, आणि बेरियम कार्बोनेट उंदीर मारायला वापरलं जायचं. दोन्ही दगड पांढुरके आणि आकाराच्या मानाने जड. फोटोत त्यांची अदलाबदल सहज होईल.

पहिला प्रश्न: दगड आला कुठून?

ओळख पटवण्यात सर्वांत जास्त उपयोग ठिकाणाचा होतो, आणि नेमकं तेच कुणी लिहून ठेवत नाही. नमुना उचलताच कागदाच्या चिठ्ठीवर गाव, खाण किंवा ओढा, तारीख आणि सोबतचा मूळ खडक कसा होता हे लिहा. घरी आल्यावर नमुन्याच्या नजरेआडच्या बाजूला पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन त्यावर क्रमांक टाका आणि तोच क्रमांक वहीत नोंदवा.

ठिकाण कळलं की निम्मी शंका फिटते.

नाशिक, जळगाव, अजिंठा-छत्रपती संभाजीनगर, पुणे आणि मुंबईचा जुना खाणपट्टा ही सगळी दख्खनच्या काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसॉल्टची भूमी आहे. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हात वायूच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत स्फटिक वाढले. इथे मिळतात ती मुख्यतः झिओलाइट कुळातली खनिजं (स्टिलबाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट, मॉर्डेनाइट) आणि त्यांच्या शेजारी अपोफिलाइट, कॅल्साइट, प्रेहनाइट, ओकेनाइट, क्वार्ट्झ, अकीक. या पोकळ्यांमध्ये शिसं, पारा, आर्सेनिक यांची खनिजं भेटण्याची अपेक्षा ठेवू नका. इथली काळजी तंतूंची आणि धुळीची आहे, त्याविषयी पुढे.

पूर्व विदर्भाचा खडक याहून कितीतरी जुना आणि वेगळा. नागपूर-भंडारा पट्ट्यात मँगनीज आहे. बोटांना काजळीसारखा काळा रंग लागला तर दगड बहुधा पायरोलुसाइट. हात धुवा आणि त्याची भुकटी करू नका. मँगनीजची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेल्यास मज्जासंस्थेचा विकार जडतो, पण तो धोका खाणकामगाराचा. कपाटात एखादा तुकडा ठेवणाऱ्याचा नव्हे. गोव्यात आणि रेडी परिसरात लोह आणि मँगनीज, कणकवली भागात क्रोमाइट.

आणि तिसरा प्रकार म्हणजे विकत घेतलेला किंवा भेट आलेला दगड. माझ्या मते खरी सावधगिरी इथे हवी. राजस्थानातल्या झावर किंवा रामपुरा-आगुचाकडचं गॅलिना, मोरोक्कोचं लालबुंद व्हॅनेडिनाइट, केशरी चकत्यांचं वुल्फेनाइट ही तिन्ही शिशाची खनिजं आहेत आणि प्रदर्शनात ती सर्वांत देखणी दिसतात.

घरच्या घरी काय तपासाल

अनोळखी नमुन्याला आधी हातमोजे घालून हात लावा, वर्तमानपत्रावर ठेवा आणि भिंगातून पाहा. स्वयंपाकघराच्या ओट्यावर हे काम नको. जुन्या पुस्तकांत ‘चव घेऊन पाहावी’ असं लिहिलेलं सापडेल; ते सोडून द्या. तापवून पाहणंही नको, कारण तापवल्यावर पारा आणि आर्सेनिक यांच्या वाफा निघतात.

वजन. माझी सर्वांत आवडती चाचणी हीच, कारण तिच्यात धूळ उडत नाही. साधा डिजिटल वजनकाटा घ्या. दगडाचं वजन करा, समजा १५० ग्रॅम भरलं. आता काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्यावर आणा. दगड दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही असा लोंबता धरा. काट्यावर २० आलं तर १५० भागिले २०, म्हणजे घनता ७.५. हे गॅलिनाचं माप. तिथेच ५६ आलं असतं तर घनता २.७ च्या आसपास, म्हणजे कॅल्साइट किंवा क्वार्ट्झ. झिओलाइट साधारण २.१ ते २.३ मध्ये बसतात. पांढऱ्या दगडाचा आकडा ४ च्या वर गेला तर तो तपासून घ्यायचा दगड समजा. दगड एकाच खनिजाचा हवा. बेसॉल्ट चिकटलेला असेल तर हिशेब बिघडतो. पाण्यात विरघळणारे आणि केसाळ नमुने यातून वगळा. भांडं पुन्हा स्वयंपाकात नेऊ नका.

काठिण्य. नख २.५ च्या आत, सुरीचं पातं आणि काच ५.५ च्या सुमाराला, क्वार्ट्झ ७. पुस्तकात मध्ये ३ ला तांब्याचं नाणं सांगितलेलं असतं, पण आपली आजची नाणी मुख्यतः स्टेनलेस स्टीलची आहेत. इलेक्ट्रिशियनकडून तांब्याच्या जाड तारेचा तुकडा मागून घ्या. कॅल्साइटवर सुरीने ओरखडा उठतो, क्वार्ट्झवर उठत नाही. ओरखडा काढायचा तो न दिसणाऱ्या कोपऱ्यात, आणि एकच.

कस. खनिज घासल्यावर उमटणाऱ्या रेघेचा रंग. भिंतीच्या टाइलची मागची बाजू बहुधा तांबूस असते, तिच्यावर रंग कळत नाही. चिनी मातीच्या कपाचा तळ उलटा करा. तिथली पांढरी, झिलई नसलेली खरखरीत कड या कामाला उत्तम. हेमॅटाइटचा कस विटकरी लाल, पायराइटचा हिरवट काळा, गॅलिनाचा शिसपेन्सिलीसारखा करडा, हिंगुळाचा शेंदरी. रेघ ओल्या कागदाने पुसा आणि कागद पिशवीत बांधून टाका. नमुना आर्सेनिकचा असावा असा संशय आला असेल तर ही चाचणी गाळा.

आम्लाच्या बाबतीत व्हिनेगरच्या पुढे जाऊ नका, तेही फक्त फिकट, चमक नसलेल्या, कॅल्साइटसारख्या दगडावर. संडास धुण्याचं ॲसिड धातूसारख्या चमकणाऱ्या खनिजावर ओतलं तर सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू निघू शकतो. तो वायू जास्त झाला की नाकाला वास कळेनासा होतो.

या खनिजांची तोंडओळख ठेवाच

- गॅलिना. शिशासारखं चमकतं, हाताला अनपेक्षित जड, फुटलं तर काटकोनात चौकोनी ठोकळे पडतात. बाळगायला हरकत नाही. हात धुणं सक्तीचं.
- हिंगूळ. पाऱ्याचं सल्फाइड, गडद लाल, नखाइतकंच मऊ आणि खूप जड. उजेडात काळवंडतं. काही नमुन्यांवर पाऱ्याचे थेंब दिसतात. असा नमुना घेऊच नका.
- मनशीळ आणि हरताळ. आर्सेनिकची नारिंगी आणि पिवळी खनिजं. मनशीळ उजेडात ठेवली की तिची पिवळी भुकटी व्हायला लागते. बंद डबीत, अंधारात ठेवायची. आयुर्वेदात या दोघांची नावं येतात म्हणून ती सौम्य आहेत असं समजू नका.
- आर्सेनोपायराइट. चंदेरी पांढरं, कठीण. हातोडी लागली की लसणाचा वास येतो. असा वास आला तर पुन्हा हुंगून खात्री करत बसू नका. हातोडी खाली ठेवा आणि मोकळ्या हवेत या.
- निळे भडक स्फटिक. बहुतेक वेळा हा मोरचूद असतो आणि बहुतेक वेळा तो कुणीतरी भांड्यात वाढवलेला असतो. द्राक्षबागायतदार बोर्डो मिश्रणात वापरतात तोच. पाण्यात विरघळतो आणि पोटात गेल्यास विषारी.
- पोपटी किंवा पाचूसारख्या हिरव्या पातळ चकत्या. ऑट्युनाइट, टॉर्बर्नाइट ही युरेनियमची खनिजं अशी दिसतात. ऑट्युनाइट अतिनील टॉर्चखाली झळझळीत हिरवं दिसतं. पण टॉर्चखाली उजळलं म्हणजे किरणोत्सारी, हा निष्कर्ष चुकीचा. नाशिकचं पॉवेलाइट पिवळं उजळतं, कॅल्साइटही उजळतं, आणि दोन्ही निरुपद्रवी. उलट टॉर्बर्नाइट उजळतच नाही.

लोकरी, केसाळ, सुयांसारखे नमुने

आपल्या भागातल्या संग्राहकाने सर्वांत जास्त लक्ष इथे द्यावं, आणि सर्वांत कमी लक्ष इथेच दिलं जातं. ओकेनाइटचे पांढरे मऊ गोंडे, मॉर्डेनाइटची लोकर, मेसोलाइट-स्कोलेसाइटच्या सुया यांना बघणाऱ्याचं बोट आपोआप लागतं. कुणी फुंकर मारून धूळ उडवतं, कुणी टूथब्रश फिरवतं.

झिओलाइट कुळातच एरिओनाइट नावाचं एक तंतुमय खनिज आहे. तुर्कस्तानातल्या कॅपाडोशिया भागात करैन आणि तुझकॉय या गावांतली घरं एरिओनाइट असलेल्या ज्वालामुखीय राखेच्या दगडाची होती. तिथल्या लोकांमध्ये फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग इतका आढळला, की जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने एरिओनाइटला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. ॲस्बेस्टॉस त्याच गटात आहे.

याचा अर्थ तुमचा ओकेनाइटचा गोंडा घातक आहे असा नाही. अर्थ एवढाच, की पांढरी लोकर कोणत्या खनिजाची आहे हे डोळ्यांना, भिंगाला किंवा फोटोला कळत नाही. तेव्हा सगळ्याच केसाळ नमुन्यांना एक नियम लावा. पारदर्शक प्लास्टिकच्या झाकणबंद डबीत ठेवा. फुंकर, ब्रश, कोरडं फडकं यांपैकी काहीही नको. तंतू टेबलावर पडले तर ओल्या कागदाने टिपून घ्या. झाडू मारू नका. सुया बोटात मोडल्या तर त्या दिसतही नाहीत, म्हणून मुलांच्या हाती देऊ नका.

दगड कापणाऱ्यांसाठी वेगळं सांगायला हवं. अकीक आणि क्वार्ट्झ विषारी नाहीत, पण त्यांची कोरडी धूळ फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस बरा होत नाही. कापायचं ते पाण्याच्या धारेखाली, एन-९५ किंवा त्याहून वरचा मास्क लावून. नाकावर रुमाल बांधणं म्हणजे नुसतं समाधान.

उचलायचा हक्क कुणाला?

‘पडलेला दगड तर आहे’ हा युक्तिवाद कायद्यापुढे टिकत नाही.

- महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ प्रमाणे खनिजांवर हक्क सरकारचा आहे. चालू खाणीत परवानाधारकाची परवानगी घेऊनच पाय ठेवा आणि काय नेता आहात ते त्याला दाखवा. जमवलेले नमुने विकायचा विचार असेल तर आधी जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याला गाठा.
- भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार वनातला दगड आणि खनिज हीसुद्धा वनोपज ठरते. राखीव वनातून ती परवानगीशिवाय आणता येत नाही.
- अभयारण्यं, राष्ट्रीय उद्यानं, संरक्षित किल्ले आणि लेणी इथून खडाही नको. लोणारचं सरोवर अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर स्थळही. तिथला ‘उल्केचा तुकडा’ म्हणून कुणी काही विकू लागलं तर घेऊ नका.
- युरेनियम-थोरियमची खनिजं अणुऊर्जा अधिनियम, १९६२ खाली नियंत्रित आहेत. ‘आमच्याकडे मिळेल’ असं म्हणणाऱ्या विक्रेत्याला हात जोडा.

खाणीत गेलातच तर कड्याच्या पायथ्याशी उभे राहू नका, हेल्मेट आणि गॉगल घाला. ढिगात रंगीत वायरचा तुकडा दिसला तर तो न उडालेल्या सुरुंगाचा असू शकतो. ओढू नका, मुकादमाला सांगा.

विकत घेताना

बिलावर खनिजाचं नाव आणि ठिकाण दोन्ही लिहून मागा. ‘दुर्मीळ हीलिंग क्रिस्टल’ हे नाव होऊ शकत नाही. ‘नैसर्गिक आहे का, रंगवलेला आहे का, कशाने स्वच्छ केला?’ हे तीन प्रश्न विचारा. गुलाबी किंवा जांभळा ओकेनाइट रंगवलेला असतो. ओल्या कापसाने कडेला पुसून पाहा, पण दुकानदाराला विचारून. इंद्रधनुषी पायऱ्यांचा बिस्मथ प्रयोगशाळेत वाढवलेला असतो. त्यात फसवणूक नाही, मात्र तो खनिज म्हणून विकला तर आहे. खोटं वर्णन करून माल गळ्यात मारला असेल तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. बिल नसेल तर तक्रार सिद्ध करणं अवघड जातं.

स्फटिक घातलेल्या पाण्याच्या बाटल्या हल्ली विकत मिळतात. पाण्यात घालायचे दगड कोणते, असं विचारलंत तर माझं उत्तर एकच: कोणताही नाही. मॅलाकाइटमधलं तांबं आंबट सरबतात सहज उतरतं.

प्रयोगशाळेत काय मागाल

‘हे काय आहे ते सांगा’ एवढं म्हणून नमुना देऊ नका, प्रश्न ठरवून जा. शिसं, आर्सेनिक, पारा आहे का हे कळायला एक्स-रे फ्लुओरेसन्स पुरतं. हातात धरायच्या यंत्राने ते नमुना न फोडता होतं. तंतू कोणत्या खनिजाचे, याला एक्स-रे डिफ्रॅक्शन लागतं आणि त्यासाठी थोडी भुकटी द्यावी लागते. पहिल्या चाचणीने दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. विद्यापीठांचे आणि महाविद्यालयांचे भूशास्त्र विभाग (पुण्याचं सावित्रीबाई फुले विद्यापीठ, आयआयटी मुंबईचा पृथ्वी विज्ञान विभाग, नागपूर विद्यापीठ) ही सुरुवातीची ठिकाणं. शुल्क आणि मुदत आधी फोनवर विचारा. किरणोत्सारी असल्याचा संशय असेल तर नमुना टपालाने पाठवू नका किंवा बसमधून नेऊ नका. अणुखनिज संचालनालयाच्या नागपूर कार्यालयाला आधी कळवा.

नजर तयार करायची असेल तर सिन्नरचं ‘गारगोटी’ खनिज संग्रहालय सवडीने पाहा. पुस्तकातल्या पन्नास चित्रांपेक्षा चिठ्ठी लावलेले खरे नमुने जास्त शिकवतात.

तोंडात गेलंच तर

मुलाने नमुना चाटला किंवा गिळला तर उलटी करवू नका. तोंड धुवा, नमुना आणि त्याची चिठ्ठी सोबत घ्या आणि डॉक्टरकडे जा. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७ चोवीस तास चालतो. खनिज शिशाचं असेल तर रक्तातल्या शिशाची तपासणी करायला सांगा. एरवी पोटदुखीचं औषध घेऊन वेळ जातो आणि शिसं तपासायचं कुणाला सुचत नाही.

नको असलेला नमुना

शिशाचा, पाऱ्याचा, आर्सेनिकचा नमुना कचऱ्यात, विहिरीत किंवा बागेत टाकू नका, आणि हौशी मित्राला न सांगता भेट देऊ नका. दुहेरी पिशवीत बंद करा, वर मराठीत ठळक अक्षरांत नाव आणि ‘विषारी’ असं लिहा आणि जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला ठेवून घ्याल का म्हणून विचारा. ठिकाणाची चिठ्ठी जपली असेल, तर तोच नमुना विद्यार्थ्यांना शिकवायच्या कामी येईल.